मालक देवमाणूस होता म्हणे! ('सडेतोड' यांना उत्तर)

रानजाई

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनच्या प्रवासवर्णनाखाली 'सडेतोड' यांनी टाकलेला प्रतिसाद आधी इथे चिकटवते, म्हणजे कुणाला शोधत बसायला नको:

"मळा बघून झाल्यावर तिथल्या दुकानात जुन्या गुलामांच्या मुलाखतींचं पुस्तक चाळलं. १९३०च्या दशकात सरकारने घेतलेल्या. एकामागून एक म्हातारे सांगतायत, मालक चांगला होता, पोटभर खायला मिळायचं, खरे हाल आत्ताच चाललेत. हे त्यांचेच शब्द, माझे नव्हेत. मग सिनेमात दाखवतात ते चाबूक आणि साखळदंड कितपत खरे? आणि मुळात सत्तर वर्षांनंतर आठवून सांगितलेल्या गप्पांना इतिहास म्हणायचं असेल तर आमच्या आजीलाही पीएचडी द्या. कागदाशी जुळेल तेवढं ठेवा. बाकीचं जपण्यावर लोकांचा पैसा कशाला?"

तिथेच चार ओळी लिहिणार होते. पण मी गेली बरीच वर्षं याच राज्यात राहते, पाहुण्यांना मळे दाखवून आणणं हे माझं ठरलेलं काम आहे, आणि पाहुणे गाडीत बसल्या बसल्या नेमकं हेच बोलतात. म्हणून वेगळा धागा.

पुस्तक चाळलंत ना? मग बहुतेक मुलाखतींच्या डोक्यावर विचारणाऱ्याचं नाव असतं, ते वाचलंत का? साल १९३६ ते ३८. मंदी. दक्षिणेत काळ्या माणसाने गोऱ्याच्या पुढच्या दाराने आत जायचं नाही असा काळ. झुंडीने माणूस झाडाला टांगला तरी सहसा कुणाला शिक्षा होत नव्हती. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे, पुष्कळदा त्याच गावातले, कधी कधी जुन्या मालकांच्या गणगोतातले. सांगणारे ऐंशीच्या पुढचे, कंगाल. सरकारकडून कुणीतरी आलंय म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचं काहीतरी असेल, ही आशा. अशा वेळी समोरच्या बाईंना "तुमच्या आजोबांनी आम्हाला फोडून काढलं" असं कोण सांगेल?

तुम्ही गेलात त्या चार्ल्स्टनमधल्याच सुझन हॅमलिनचं उदाहरण देते. वय शंभराच्या वर सांगायची. १९३७ साली तिच्याकडे जेसी बटलर नावाच्या गोऱ्या बाई गेल्या. सुझनला वाटलं, मदतवाटप खात्याकडून आल्यात. मग काय, मालक मिस्टर फुलर म्हणजे भला गृहस्थ, नोकरांची काळजी घेणारा. तुम्ही वाचलंत तसलंच सगळं.

त्याच सुमारास तिच्याकडे ऑगस्टस लॅडसन गेले. हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांच्यापुढे तीच सुझन बोलायला लागली ती फटक्यांबद्दल, मुलं विकली की रात्रभर रडणाऱ्या आयांबद्दल. तिने एक हकीकत सांगितली. एका जोडप्याचं रात्री लग्न लागलं आणि सकाळी मालकाने नवरी विकून टाकली. नवरीची आई रस्त्यात उभी राहून मालकिणीला तोंडाला येतील त्या शिव्या देत सुटली. पोलीस बोलावण्याची धमकी मिळाली तर म्हणाली, बोलवा, हे सोसण्यापेक्षा मेलेलं बरं. तिला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गुलामांना शिक्षा द्यायच्या तुरुंगात, नेलं. पुढे तिचं काय झालं हे सुझनच्या कधी कानावर आलं नाही.

दोन्ही मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. एकीवर आडनाव हॅमलिन, दुसरीवर हॅमिल्टन. तुमच्या नियमाने यातली कुठली ठेवायची आणि कुठली फेकायची? माझं म्हणणं, दोन्ही ठेवायच्या, आणि कोणी विचारलं त्याच्या नावासकट. खोटं बोललेली मुलाखतही ठेवायची. सुझन बटलरबाईंपुढे गोड का बोलली हे कळलं की १९३७चं चार्ल्स्टन कळतं.

---

सडेतोड

वा! माझ्या चार ओळींवर अख्खा धागा. आभारी आहे.

आता शांतपणे. १९३७ साली ८५ वर्षांचा माणूस १८६५ साली तेरा वर्षांचा होता. म्हणजे यातले बहुतेक जण गुलामगिरी संपली तेव्हा पोरं होती. शेतात राबणारी पिढी तोवर मेलेली. पोराला काय आठवणार? आईच्या हातचं जेवण आणि खेळ. त्यातही १८६०च्या जनगणनेत गुलाम ३९ लाखांच्या वर, आणि या मुलाखती २,३००च्या आसपास. कोण सापडलं, कोण बोलायला तयार झालं, त्यावर सगळा मामला. याला नमुना म्हणत नाहीत.

आणि सुझनबाईंचं. गोरी बाई आली तेव्हा तिला हवं ते बोलल्या, हे तुम्ही लगेच मान्य करता. मग काळा माणूस आला तेव्हा त्याला हवं ते बोलल्या नसतील कशावरून? एक साक्षीदार दोन कोर्टांत दोन जबान्या देतो. आमच्याकडे वकील त्याला फाडून खातात. तुम्ही त्याला ऐतिहासिक ठेवा म्हणता.

कागद बघा ना. विक्रीखतं आहेत, मळ्यांच्या वह्या आहेत, पळून गेलेल्यांच्या जाहिराती आहेत. कागद खोटं बोलत नाही.

---

बोरूबहाद्दर

"कागद खोटं बोलत नाही" हे वाक्य दप्तरात एक दिवस काढलेला माणूस म्हणणार नाही. मी आयुष्य तिथे घालवलंय. कागद भरपूर खोटं बोलतो, फक्त अक्षर वळणदार असतं.

तुम्ही जनगणनेचा दाखला दिलात म्हणून सांगतो. १८५० आणि १८६०च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव असे. त्याखाली गुलाम: वय, लिंग, रंग. नाव जवळपास कुठेच नाही. तुमच्या ३९ लाखांची ही कागदावरची ओळख. मळ्याची वही मालकाची, विक्रीखत मालकाचं, जाहिरात मालकाची. बोलणारा एकच आणि तोच खरा, असं का?

दुसरं, सगळ्या मुलाखती गोऱ्यांनीच घेतल्या असंही नाही. व्हर्जिनियात हॅम्प्टन इन्स्टिट्यूटच्या रॉस्को लुईस यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय मुलाखतकारांची तुकडीच होती. त्याआधी, १९२९-३०च्या सुमारास, फिस्क विद्यापीठाच्या ओफेलिया सेटल टेनेसी आणि केंटकीत म्हाताऱ्यांना भेटत फिरत होत्या, त्याही कृष्णवर्णीय. तिथला सूर वेगळा लागतो. शिवाय जॉर्ज रॉविक या अभ्यासकाने १९७०च्या दशकात राज्याराज्यांच्या दप्तरांत हात घातला तेव्हा वॉशिंग्टनला कधी पाठवल्याच नाहीत अशा ढीगभर मुलाखती निघाल्या. टेक्सासमधल्या काहींची मूळ प्रत आणि वर पाठवलेली प्रत शेजारी ठेवली की कात्री कुठे लागली ते दिसतं. 'कागदाशी जुळेल तेवढं ठेवा' हा तुमचा नियम तेव्हाच्या बाबूंनीही आपापल्या परीने पाळला होता.

अवांतर: आपल्याकडे एखाद्या संग्रहात मूळ प्रत बघायला मागून बघा. आधी अर्ज, मग शिफारसपत्र, मग "साहेब रजेवर आहेत". स्कॅन झालंय म्हणतात, कुठल्या संगणकात ते कुणाला माहीत नसतं. मोडी वाचणारे संपत चाललेत आणि आम्ही सेल्फी पॉइंट उभारतोय. असो.

---

खवट_आजोबा

मी त्यातल्या काही वाचायचा प्रयत्न केला. ती भाषा! प्रत्येक शब्दाचं शेपूट तोडलेलं, स्पेलिंग वेडंवाकडं. दोन पानांत डोकं दुखलं. नीट प्रमाण इंग्रजीत करून छापलं असतं तर चार लोकांनी वाचलं असतं. हल्ली तर यंत्र दोन मिनिटांत करून देईल.

---

रानजाई

आजोबा, ते वेडंवाकडं स्पेलिंग बोलणाऱ्याचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे. गोरा मुलाखतकारही घरी तसेच उच्चार करत असेल, पण त्याचं स्वतःचं वाक्य छापताना स्पेलिंग सरळ. याच प्रकल्पात वॉशिंग्टनला स्टर्लिंग ब्राउन हे कवी होते. त्यांनी लेखी कळवलं होतं की उच्चारांची नक्कल मारत बसू नका, बोलण्याची ढब पकडा. फारसं कुणी ऐकलं नाही.

पण सपाट करणंही नको. कडजो लुईसचं बघा. खरं नाव कोसोला. १८६० साली क्लोटिल्डा जहाजातून अलाबामात आणलेला. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, तरी आणला. झोरा नील हर्स्टन त्याच्याशी १९२७-२८ मध्ये जाऊन बोलल्या, त्याच्या बोलीत लिहून काढलं. प्रकाशकाने सांगितलं, बोली काढा, मग छापू. हर्स्टननी नकार दिला. कोसोला १९३५ मध्ये गेला, हर्स्टन १९६० मध्ये. पुस्तक आलं २०१८ साली.

---

खवट_आजोबा

म्हणजे हट्ट केला आणि नव्वद वर्षं कुणीच वाचलं नाही. हेच म्हणत होतो.

(दिवे घ्या.)

---

शनिवारपेठी

रोचक चर्चा. पण एक कळत नाही, गोऱ्यांच्या पापांचं ओझं आपण का वाहतोय? माणूस बाजारात उभा करून विकायचा प्रकार आपल्याकडे नव्हता. आपल्याकडे गडीमाणसं घरच्यासारखी असत. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथला अपराधगंड चिकटतो, एवढंच.

---

नाशिककर_तात्या

'आपल्याकडे नव्हता' म्हणणाऱ्यांनी कधीतरी शरणपूर रोडवरून जाताना हे नाव कुठून आलं याचा विचार करावा.

शरणपूर हे मिशनऱ्यांनी नाशिकच्या वेशीवर वसवलेलं गाव. हिंदी महासागरात अरबांच्या गलबतांवर गुलाम वाहून नेत असत. इंग्रजांच्या आरमाराने ती गलबतं पकडली की सुटलेली आफ्रिकी पोरं मुंबईला उतरवत, आणि त्यातली बरीच शरणपूरच्या आश्रमात येत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवत. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी लिव्हिंगस्टन १८६६ साली शेवटच्या मोहिमेला निघाला तेव्हा यातली नऊ पोरं घेऊन गेला. इंग्रजी कागदांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात.

जेकब वेनराइट त्याच शाळेतला, तो मागाहून आलेल्या तुकडीतून गेला. लहानपणी पकडलेला, विकलेला, समुद्रावर सुटलेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मेला तेव्हा झाडावर त्याचं नाव आणि तारीख कोरली ती याने, कारण त्याला लिहिता येत होतं. प्रेत किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. त्या प्रवासाची डायरी लिहिली. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत हा होता. पुढे १८७५च्या सुमारास शरणपूरची मंडळी मोंबासाजवळ नेऊन वसवली. गावाचं नाव फ्रीअरटाउन, आपल्या मुंबईच्या गव्हर्नर बार्टल फ्रीअरवरून.

डायरीत लिव्हिंगस्टनचं प्रेत आहे. जेकबला कुणी पकडलं, कुठे विकलं, आई कोण, हे खोदून विचारावंसं कुणाला वाटलं नाही. चुमा आणि सुसी या त्याच्या दोन जोडीदारांना तर १८७४ साली खास इंग्लंडला नेलं. चुमा स्वतः गुलामीतून सुटलेला, मुंबईत जॉन विल्सनच्या शाळेत काही काळ शिकलेला. तिथे होरेस वॉलर त्यांच्यासमोर कागद घेऊन बसला. कशासाठी, तर लिव्हिंगस्टनचे शेवटचे दिवस लिहून काढायला. दोघांचं बोलणं साहेबाच्या पुस्तकात विरघळलं.

नाशिकमध्ये यातल्या एकाचीही पाटी मला दिसलेली नाही. कुंभमेळ्यासाठी रस्ते चारदा उखडतात.

---

सडेतोड

तात्या, माहिती छान. पण यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. वेनराइटची डायरी का टिकली? कारण ती त्याच वेळी लिहिलेली होती. सत्तर वर्षांनी सांगितलेली नव्हती.

---

नाशिककर_तात्या

आणि चुमा-सुसीला वर्ष-दीड वर्षात विचारलं, तरी साहेबाबद्दलच विचारलं. उशिराने बिघडतं तसं विचारणाऱ्यानेही बिघडतं. बघा पटलं तर.

---

बोरूबहाद्दर

@शनिवारपेठी, "माणूस विकायचा प्रकार आपल्याकडे नव्हता" हे तुम्ही शनिवार पेठेतून लिहिताय, म्हणजे पेशवे दप्तरापासून चालत जाण्याच्या अंतरावरून. कुणबिणी आणि बटक्या ऐकल्यात का? पेशवाईत त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, सरकारी कोठ्यांत, पागांत, सरदारांच्या वाड्यांत राबत. किमती रुपयांत लिहिलेल्या आहेत. बदकर्माचा ठपका आलेल्या बायकांना सरकारच कुणबीण करून टाकी. कायद्याने या प्रकाराची मान्यता काढली ती कंपनी सरकारने, १८४३ साली. नसलेल्या गोष्टीविरुद्ध कायदा कशाला केला असेल?

---

शनिवारपेठी

आलं! आलेच पेशवे! मी वाटच बघत होतो. या संस्थळावर मिसळीच्या पाककृतीखालीसुद्धा तिसऱ्या प्रतिसादात पेशवे येतात.

कुणबिणी होत्या हे मलाही ठाऊक आहे. पण मळ्यावरच्या गुलामगिरीशी तुलना? त्यांना अन्नवस्त्र मिळे, म्हातारपणी सोडत, बदली बाई किंवा पैसे दिले तरी सोडत. अमेरिकेत रंगावरून पिढ्यानपिढ्या जखडले होते. दोन्ही एकाच पारड्यात टाकणं म्हणजे अभ्यासाचा अभाव किंवा जातीय हेतू. काय ते तुम्हीच ठरवा.

---

बोरूबहाद्दर

"अन्नवस्त्र मिळे." रानजाईंनी वर सुझनचं पहिलं बोलणं दिलंय, तेच आहे हे. फरक एवढाच की तिथे निदान गुलामच बोलत होता. इथे गुलामाच्या वतीने तुम्ही बोलताय.

मळ्यापेक्षा वेगळी पद्धत होती हे मान्य. म्हातारपणी सोडत हेही मान्य. म्हातारी कुणबीण राबू शकत नाही, तिला भाकरी घालण्यापेक्षा सोडलेली परवडते, यात कसली दया? आणि जातीय हेतूचं म्हणाल तर कुणबिणी मराठा सरदारांकडेही होत्या, ब्राह्मणांकडेही होत्या, तुमच्या आमच्या दोघांच्याही.

---

शनिवारपेठी

माझ्या पूर्वजांकडे पोचलात. अजून माझं गोत्र सांगायचं राहिलंय. दप्तरात बसून पगार घेत काय उद्योग चालायचे ते आता कळलं.

---

बोरूबहाद्दर

मोडी येतं का तुम्हाला? नसेल तर गप्प बसायला फी नाही.

---

संपादक

दोघांनाही विनंती, वैयक्तिक शेरेबाजी टाळा. यापुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

---

अवलिया७

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, संपादकांनी माती केली.

जाता जाता: जोतिरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये काढली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या माणसाला दोन्ही एका नजरेत दिसत होतं. आपण अजून पारडी मोजतोय.

---

शनिवारपेठी

फुल्यांनी अमेरिकेतल्या गुलामांबद्दल वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. आणि १८७३ला पेशवाई जाऊन पंचावन्न वर्षं झालेली.

---

रानजाई

अहो, धागा सुझन हॅमलिनवर होता. तरी कुणबिणींचं निघालंच आहे तर विचारते. बोरूबहाद्दर, दप्तरात कुणबीण स्वतः बोलते असा कागद कधी दिसला का?

---

बोरूबहाद्दर

माझ्या हाताखालून गेलेल्यांत नाही. किंमत असते, नाव असतं, कधी जात, कुठून आणली, कुणाकडे दिली. पळून गेली तर शोधून आणण्याचा हुकूम असतो. का पळाली ते नसतं. १८४३ नंतर यातल्या कितीतरी जणी जिवंत असणार. पुण्यात तेव्हा छापखाने होते, इंग्रज अधिकाऱ्यांना चौकशा करून अहवाल लिहायची खोड होती. एखाद्या म्हाताऱ्या बटकीसमोर कुणी बसलं असतं तर आज शनिवारपेठी आणि मी भांडलो नसतो. निदान याच्यावरून तरी नसतो.

सडेतोड यांना उशिरा सांगितलेल्या, डागाळलेल्या २,३०० मुलाखतींचा त्रास होतो. आमच्याकडे डागाळलेलीसुद्धा नाही.

---

बांधावरून

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज टंकतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे आजोबा सालगडी होते, मराठवाड्यात. पाडव्याला साल ठरायचं, थोडं धान्य, थोडी रक्कम. रक्कम आधीच उचल म्हणून संपलेली असायची, म्हणून पुढच्या पाडव्याला परत तोच मालक. वडिलांनी शाळा सोडली नाही म्हणून मी आज हे लिहितोय.

मी बारावीत असताना एका कॉलेजातून मॅडम आल्या, टेपरेकॉर्डर घेऊन, जुन्या शेतमजुरांच्या आठवणी गोळा करायला. हेतू चांगलाच होता. पण गावात उतरायचं कुठे, तर मालकाच्या ओसरीवर. चहा तिथेच झाला, आजोबांना निरोप धाडून तिथेच बोलावलं. मालकाचा मुलगा खुर्चीत बसलेला. आजोबा खाली. म्हणाले, "मालक देवमाणूस हायेत. लेकरावानी ठिवलं मला." मॅडमनी लिहून घेतलं. मी खांबाला टेकून ऐकत होतो.

घरी आम्हाला लहानपणापासून माहीत होतं की बैल आजारी पडला म्हणून याच देवमाणसाने आजोबांना रात्रभर गोठ्यात बांधून ठेवलं होतं. आजी ते सांगताना आवाज बारीक करायची, मालकाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असूनसुद्धा.

सुझनचं वर वाचलं आणि म्हटलं, लिहावं. त्या मॅडमच्या कॅसेटमध्ये माझे आजोबा कायमचे सुखी सालगडी आहेत. उद्या एखादा सडेतोड ती ऐकून म्हणेल, हे त्यांचेच शब्द.

---

सडेतोड

तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, त्यावर काही बोलणार नाही. दोन प्रश्न मात्र विचारतो, रागावू नका. सालगडी म्हणजे करार. त्याला गुलामगिरी म्हणायचं का? आणि गोठ्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, आजोबांनी की आजींनी? दरवेळी तशीच सांगत का?

---

बांधावरून

गुलामगिरी मी म्हटलं नाही, वर वाचा. कराराचं म्हणाल तर आजोबांना अंगठा येत होता.

गोष्ट आजी सांगायची. आजोबा ती चालू झाली की उठून बाहेर जायचे. आणि नाही, दरवेळी तशीच नसायची. कधी एक रात्र, कधी दोन. कधी बैल मेलेला असायचा, कधी वाचलेला. माझी धाकटी आत्या म्हणते तो बैल नव्हताच, गाय होती.

---

सडेतोड

बघा. हेच म्हणतोय मी सुरुवातीपासून.

---

बांधावरून

बैल की गाय यावर तुम्ही घ्या गुण. बांधलं होतं यावर घरात कुणाचं दुमत नाही. मनगटावर वण होता, तो मी पाहिलाय.

---

खवट_आजोबा

सडेतोड, आता गप्प बसलात तरी चालेल.

---

अवलिया७

+१. आणि बांधावरून, तुमच्या आत्या आहेत ना अजून? फोनमध्ये रेकॉर्ड करा. ओसरीवर नको.

---

बांधावरून

आत्या बोलत नाही. विचारलं की म्हणते, "कशाला उकरतूस? त्यायच्या नातवाकडं आपला पोरगा कामाला हाय." हे खरंय. माझा चुलतभाऊ त्यांच्या जेसीबीवर ड्रायव्हर आहे.

---

रानजाई

आत्यांचं हे वाक्यसुद्धा कुठेतरी लिहून ठेवा. नाव, गाव न घालता.

सडेतोड, बांधावरून यांच्या उत्तरावरून तुमच्या पोरांच्या मुद्द्याकडे येते. पोरांना काय आठवणार, म्हणालात. फाउंटन ह्यूजचं ध्वनिमुद्रण ऐका, १९४९ सालचं, बाल्टिमोरमधलं. वय १०१. आपले आजोबा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या मालकीचे होते, असं तो सांगतो. अर्धा वेळ हा गृहस्थ उधारीवर वस्तू घेऊ नका, असला उपदेश करतो, कंटाळा येतो. आणि त्याच सुरात सांगतो की पुन्हा गुलाम व्हायची वेळ आली तर बंदूक घेऊन सगळं तिथेच संपवीन, कारण तिथे माणूस म्हणजे कुत्रा. सुटका झाली तेव्हा हाही पोरच होता. तारखा विसरला असेल, कुत्रा विसरला नाही. प्रमाण इंग्रजी करणाऱ्या यंत्राने पहिल्या झटक्यात तो उधारीचा उपदेश कापला असता.

---

सडेतोड

ऐकलं. चांगलं आहे, आणि हो, उधारीचा भाग लांबलाय.

हॅमलिन बाईंच्या दोन्ही मुलाखतीही वाचून काढल्या, तुमच्या कृपेने शनिवार त्यात गेला. दुसरी जास्त खरी वाटते, एवढं देतो. त्या नवरीच्या आईची हकीकत कुणी समोरच्याला खूश करायला रचत नाही, कारण त्यात सुझनला स्वतःला काहीच करता आलेलं नाही. 'सिनेमातले चाबूक कितपत खरे' हे वाक्य मागे घेतलं समजा, तुमच्या समाधानासाठी.

पण पैशाचा मुद्दा सोडत नाही. सगळं ठेवायचं म्हणता, तर ठेवायला जागा, माणसं, वीज लागते. व्हर्जिनियातलं ठेवा, फिस्कचं ठेवा. जिथे मालकाच्या भाचीने मुलाखत घेतलीय आणि पाच ओळींत "फार सुखी होतो" म्हणून संपवलीय, ती कशाला सांभाळायची? त्यात काय शिल्लक आहे?

---

बोरूबहाद्दर

पाच ओळी आहेत हे शिल्लक आहे. ज्या म्हातारीने लॅडसनला पानंच्या पानं सांगितली असती, तिने भाचीला पाच ओळींत वाटेला लावलं. आणि त्या पाच ओळींवर तिचं नाव असतं. १८६०च्या तक्त्यात ते नव्हतं. तिच्या पणतवंडाला शोधायला दुसरं काही मिळणार नाही.

---

सडेतोड

नावाचा मुद्दा ठीक आहे. मग नाव, वय, गाव याची यादी करा आणि पाच ओळी सोडा. यादीला कपाट पुरतं.

---

शनिवारपेठी

आता हे मात्र चूक. यादी करणारा कोण आणि त्याने कुणाला गाळलं, हे पुन्हा तेच. बोरूबहाद्दरांशी माझं पटत नाही, पण इथे त्यांचं बरोबर आहे. कुणबिणींच्या बाबतीत नाही, तिथे ते एकांगीच आहेत.

---

बोरूबहाद्दर

धन्यवाद म्हणायचं की नाही ते कळत नाहीये. कुणबिणींचा वेगळा धागा काढा, तिथे येतो. मोडीची प्रत टाकेन, वाचून दाखवा.

---

शनिवारपेठी

तुम्ही काढा. प्रत तुमच्याकडे आहे.

---

नाशिककर_तात्या

कुणीही काढा, पण त्यात शरणपूर घुसवू नका. त्याचा मी काढतोय, आणि पाटीसाठी कुणाकडे अर्ज करायचा ते ठाऊक असलेला नाशिककर असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.